आधी आराखडा, मग टाकी

देवालयाचा जीर्णोद्धार निघाला की गावोगावी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. वर्गणी दिली, वर्ष सरले, अजून एक चिराही बसलेला दिसत नाही. मग पैसा गेला कोठे? देणगीदाराच्या दृष्टीने प्रश्न रास्तच आहे. मोजमापे, नकाशे, दगडाची पारख, पायाची तपासणी ही कामे रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेस पडत नाहीत. परंतु जुन्या कारागिरांनी याच न दिसणाऱ्या कामाला केवढा मान दिला होता, हे आपल्या वेरूळला पाहावयास मिळते.

वेरूळचे कैलास लेणे मुख्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळातील होय. इतर देवळे पायापासून वर चढतात. हे वरून खाली उतरले. डोंगराच्या माथ्यावर तीन बाजूंनी खोल चर खणून मधला प्रचंड खडक सुटा केला आणि शिखरापासून कोरण्यास आरंभ झाला. अंगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद. मागचा कडा शंभर फुटांहून उंच. बांधकामात चिरा वाकडा बसला तर काढून दुसरा बसविता येतो. येथे ती सोय नव्हती. नंदीमंडपाला जोडणारा पूल, अंगणातील दोन ध्वजस्तंभ, हत्ती, या प्रत्येकासाठी दगड आधीच राखून ठेवावा लागला. वरच्या पाथरवटाने घाईत चार हात जास्त तोडले असते, तर खाली हत्ती उभाच राहिला नसता.

पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिर, जे चालुक्य राणी लोकमहादेवीने सुमारे इ. स. ७४० मध्ये बांधविले, त्याचा नमुना कैलासाच्या कारागिरांपुढे होता असे विद्वान मानतात. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त मात्र निराळीच कथा आहे. शिखर दिसेपर्यंत अन्न घ्यावयाचे नाही असा नेम राणीने केला. इतर कारागीर हटले, तेव्हा पैठणच्या कोकसाने शिखरच आधी कोरून आठवड्यात ते दाखविले. राणीचा उपास सुटला खरा, पण कोकसाचा आराखडा त्या आठवड्यापूर्वीच पक्का असला पाहिजे! इ. स. ८१२-१३ च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात तर हे काम पाहून खुद्द घडविणाराही चकित झाला, असे वर्णन आहे.

किल्ल्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (सुमारे इ. स. १७१५) सांगते की, गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटतो. तट बांधून झाल्यावर पाणी शोधणाऱ्याचे काय होणार, हे निराळे सांगणे नको.

राज्यघटनेचेही तसेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. कागदावरची ओळ खोडता येते, हाच मसुद्याचा मोठा गुण.

मध्य प्रदेशातील भोजपूरचे शिवमंदिर अकराव्या शतकात परमार राजा भोजाने आरंभिले असे मानतात. ते अपुरेच राहिले. पण सभोवतालच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले मंदिराचे नकाशे, खांब व शिखर यांची रेखांकने आजही दिसतात. कोणता खांब कसा व्हावयाचा होता, हे त्या रेषांवरून नऊशे वर्षांनंतरही समजते. दगड वर चढविण्यासाठी देवळामागे रचलेला मातीचा उतारही तेथेच आहे.