व्यापारी पत्र आणि अर्जाची भाषा

मुंबईस १९१३ सालीं सिडनहॅम कॉलेज निघालें आणि आपल्याकडील तरुणास व्यापाराचें शिक्षण महाविद्यालयांत बसून घेण्याची सोय झाली. हिशेब, बँकिंग, अर्थशास्त्र या विषयांचें महत्त्व कोणासही पटेल. परंतु परकी भाषा शिकणाऱ्याची खरी परीक्षा, आमच्या मतें, इंग्रजी व्यापारी पत्रलेखन या साध्या दिसणाऱ्या विषयांत होत असे.

आपला तरुण पत्रलेखनांत कोरा होता असें मात्र नव्हे. हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेलीं मेस्तकें घ्या, वा पेशवाईंतलीं पत्रें पाहा. कोणास कोणता मायना लिहावा, 'जाणिजे' म्हणून कोणाचें पत्र संपवावें आणि 'हे विनंति' म्हणून कोणापुढें थांबावें, याचा बारीक विचार झालेला दिसतो. पहिल्या ओळींतच लिहिणाराची व वाचणाराची पायरी ठरे. या वळणांत वाढलेल्या मुलाच्या हातीं इंग्रजीनें 'डिअर सर' दिलें. अनोळखी कापडव्यापाऱ्यास 'प्रिय' म्हणावयाचें, आणि तेंच संबोधन बँकेच्या मॅनेजरासही चालवावयाचें!

दुसरी अडचण अधिक खोल होती. १८३५ सालच्या सरकारी ठरावानंतर इंग्रजी आपल्याकडे पसरली ती मुख्यतः कचेरीच्या वाटेनें. शिकलेल्या माणसाचें पहिलें इंग्रजी पत्र बहुधा नोकरीचा अर्ज असे. त्यामुळें 'आय बेग टु स्टेट' हा आरंभ आणि 'युअर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट' हा शेवट अंगवळणीं पडला. व्यापारांत मात्र पत्र लिहिणारा याचक नसतो. माल भिजलेला निघाला, भरपाई द्या; हुंडीची मुदत भरली, पैसे पाठवा; एवढेंच त्यास मोजक्या शब्दांत, कटुता न आणतां सांगावयाचें असतें. व्याकरणांत एकही चूक न करणारा विद्यार्थी स्वतःच्या हक्काचे पैसे भीक मागितल्यासारखे मागतो, हें आम्हीं वर्गांत अनेक वेळां पाहिलें आहे.

गंमत अशी कीं, इंग्रजी पेढ्यांची भाषा तरी त्या काळीं कोठें सरळ होती? आलेल्या पत्रास 'फेव्हर' म्हणावयाचें, चालू महिन्यास 'इन्स्टंट', गेल्या महिन्यास 'अल्टिमो'! मायने पाठ करण्याची परंपरा असलेल्या मुलांस हें सोपें वाटलें असल्यास नवल नाहीं. खुद्द इंग्लंडांत अर्नेस्ट गॉवर्स यांनीं सरकारी नोकरांस साधें लिहावयास शिकविणारें 'प्लेन वर्ड्स' हें पुस्तक काढलें तें १९४८ सालीं, आणि तेंही अर्थखात्याच्या सांगण्यावरून.

आम्ही हल्लीं मुलांस उधारीचा तगादा प्रथम मराठींत लिहावयास सांगतों. पहिल्या खेपेस अर्धें पान क्षेमकुशलांतच जातें. तें खोडून झाल्यावर मग इंग्रजीकडे वळतों.