जनतेचा संघ, सत्तेचा खेळ : स्पार्टाक मॉस्कोची कहाणी

मॉस्कोतील जुन्या फुटबॉल क्लबांची नावे ओळीने वाचली, की सोव्हिएत सरकारच्या खात्यांची यादीच वाचल्यासारखे वाटते. डायनॅमो हा गुप्त पोलिसांचा आणि गृहखात्याचा संघ. सीएसकेए लष्कराचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा, तर टॉर्पेडो मोटार कारखान्याचा. या मालिकेत एकच नाव वेगळे होते. त्यामागे ना गणवेश होता, ना कारखान्याचा भोंगा. ते नाव म्हणजे स्पार्टाक. रोमन सत्तेविरुद्ध बंड पुकारणाऱ्या गुलामाचे नाव मिरवणाऱ्या या संघाला ‘नारोद्नाया कोमांदा’ म्हणजेच ‘जनतेचा संघ’ हे बिरुद लाभले. ते बिरुद जितके खरे आहे तितकेच ते फसवेही आहे, आणि या क्लबच्या शंभर वर्षांच्या वाटचालीतील खरा रस या विसंगतीतच दडलेला आहे.

प्रेस्नाची पोरे

मॉस्कोचा क्रास्नाया प्रेस्ना हा भाग कामगारांचा. १९०५च्या उठावात येथेच रस्त्यारस्त्यावर मोर्चेबंदी झाली होती. क्रांतीनंतरच्या हलाखीत, १९२२ साली, याच वस्तीतील तरुणांनी ‘मॉस्को क्रीडा मंडळ’ स्थापन केले आणि मैदानही स्वतःच उभारले. त्यांत निकोलाय स्टारोस्टिन हा वीस वर्षांचा तरुण होता. शिकारखान्यातील वाटाड्या असलेल्या त्याच्या वडिलांचे १९२० मध्ये टायफसने निधन झाले होते. घर चालविण्यासाठी निकोलाय उन्हाळ्यात फुटबॉल आणि हिवाळ्यात हॉकी खेळत असे. त्याच्या पाठोपाठ अलेक्झांडर, आंद्रेई आणि प्योत्र हे तिघे धाकटे भाऊही मैदानात उतरले. पुढे क्लबचा इतिहास आणि या चौघांचा इतिहास वेगळा करणे कोणालाच जमले नाही.

सुरुवातीची काही वर्षे आश्रयदाता बदलेल तसे नाव बदलत गेले. १९२६ मध्ये अन्नपदार्थ उद्योगातील कामगार संघटनेने पालकत्व स्वीकारले आणि संघ ‘पिश्चेविकी’ झाला. प्रतिस्पर्धी प्रेक्षक आजही स्पार्टाकला ‘म्यासो’ म्हणजे ‘मांस’ असे हिणवतात, त्याचे मूळ तेथे आहे. स्पार्टाकच्या चाहत्यांनी ही शिवी केव्हाच आपलीशी केली असून ते स्वतःच तिच्या आरोळ्या ठोकतात.

१९३०च्या दशकाच्या मध्यावर निकोलाय स्टारोस्टिन यांनी कारागीर, न्हावी, वाढपी, दुकानांतील नोकरदार अशा लहानसहान व्यावसायिकांच्या सहकारी संस्थांचे पाठबळ मिळविले. १९३५ मध्ये ‘स्पार्टाक’ ही क्रीडा संघटना रीतसर अस्तित्वात आली. राफाएल्लो जोव्हान्योली या इटालियन लेखकाच्या कादंबरीवरून हे नाव सुचल्याचे सांगितले जाते. मात्र नाव बंडखोराचे असले तरी संघ सत्तेपासून अलिप्त नव्हता. कोम्सोमोल या युवक संघटनेचे सर्वेसर्वा अलेक्झांडर कोसारेव यांचा वरदहस्त त्याला होता. पोलिसांच्या डायनॅमोला शह देणारा एखादा बलाढ्य संघ कोसारेव यांनाही हवा होता. स्टारोस्टिन बंधू चांगले पैसे कमावीत आणि चांगले राहात. ‘जनतेचा संघ’ फाटक्या कपड्यांत खेळत होता, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

लाल चौकातला गालिचा

१९३६च्या जुलैमध्ये मॉस्कोच्या लाल चौकात क्रीडादिनाचे भव्य संचलन होते. स्टॅलिन यांना फुटबॉलचा सामना दाखवावा, अशी कल्पना कोसारेव यांनी मांडली. डायनॅमोने अंग काढून घेतले. चेंडू क्रेमलिनच्या भिंतीवर अथवा थेट पाहुण्यांच्या अंगावर गेला तर काय, ही भीती काही निराधार नव्हती. अखेर स्पार्टाकच्या पहिल्या आणि राखीव संघांमध्येच सामना रंगविण्याचे ठरले. दगडी फरसबंदीवर अंथरण्यासाठी हिरव्या नमद्याचा प्रचंड गालिचा शिवून घेण्यात आला आणि संचलन सुरू असतानाच तो चौकात उलगडण्यात आला. स्टॅलिन कंटाळले तर कोसारेव यांनी पांढरा रुमाल दाखवायचा आणि सामना तेथेच आटोपायचा, असा संकेत ठरला होता. अर्ध्या तासाचा हा खेळ ४३ मिनिटे चालला, रुमाल काही हलला नाही. त्याच वर्षी देशात साखळी स्पर्धा सुरू झाली. वसंतातील पहिले विजेतेपद डायनॅमोने, तर शरदातील दुसरे स्पार्टाकने पटकावले.

पुढील वर्षी बास्क प्रांताचा नामवंत संघ सोव्हिएत दौऱ्यावर आला आणि त्याने मॉस्कोतील संघांची दाणादाण उडविली. इतर क्लबांतील खेळाडूंची कुमक घेऊन उतरलेल्या स्पार्टाकने बास्कांना ६-२ असे नमविले. हा विजय त्या काळी राष्ट्रीय प्रतिष्ठेचा मानला गेला. १९३८ आणि १९३९ अशी लागोपाठ दोन वर्षे स्पार्टाकने साखळी व चषक हे दोन्ही मान मिळविले, आणि येथूनच संकटाला तोंड फुटले.

बेरियाचा डाव

१९३८च्या अखेरीस लावरेंती बेरिया गुप्त पोलिसांचे प्रमुख झाले. त्याच सुमारास कोसारेव यांना अटक झाली आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. बेरिया तारुण्यात जॉर्जियात फुटबॉल खेळलेले, त्यामुळे डायनॅमो संघटनेच्या संघांवर त्यांचे विशेष लक्ष असे. सप्टेंबर १९३९ मध्ये चषकाच्या उपांत्य फेरीत स्पार्टाकने डायनॅमो तिबिलिसीला १-० असे हरविले आणि अंतिम फेरीत लेनिनग्राडच्या स्टालिनेत्सचा ३-१ असा पराभव करून चषकही उचलला. त्यानंतर उपांत्य सामना पुन्हा खेळविण्याचा आदेश आला! अंतिम फेरी झाल्यावर उपांत्य फेरी खेळविण्याचा हा प्रकार फुटबॉलच्या इतिहासात विरळाच. ३० सप्टेंबरला स्पार्टाकने तो सामनाही ३-२ असा जिंकला.

मार्च १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, चारही स्टारोस्टिन बंधूंना अटक झाली. लुब्यांका तुरुंगातील चौकशीत स्टॅलिन यांच्या हत्येच्या कटाचा आरोप झाला, पण तो टिकला नाही. शेवटी आर्थिक गैरव्यवहार आणि ‘भांडवलशाही’ क्रीडासंस्कृतीची स्तुती अशा कारणांवरून प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यानंतर जुनी कागदपत्रे अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा पैशांच्या व्यवहाराविषयीचे आरोप सर्वस्वी रचलेले होते काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद झाले. टंचाईच्या त्या व्यवस्थेत क्लब चालवायचा म्हणजे ओळखी आणि आडमार्ग आलेच. दहा वर्षांच्या सक्तमजुरीला मात्र त्याने समर्थन मिळत नाही.

छावण्यांमध्ये निकोलाय यांना त्यांच्या नावानेच तारले. उत्तरेतील उख्ता असो वा अतिपूर्वेतील कोम्सोमोल्स्क, तेथील अधिकाऱ्यांना आपल्या संघासाठी प्रशिक्षक हवा होता आणि तो आयता हाती आला होता. ज्यांच्या हाती हजारो कैद्यांचे जीवन-मरण होते, ते हुद्देदार या कैद्याशी फुटबॉलच्या गप्पा मारण्यात रंगून जात, असे निकोलाय यांनी नंतर लिहून ठेवले. १९४८ मध्ये तर स्टॅलिन यांचे चिरंजीव वासिली यांनी आपल्या हवाई दलाच्या संघासाठी त्यांना विमानाने मॉस्कोत आणविले. बेरियांच्या माणसांनी चोवीस तासांत शहर सोडण्याचे फर्मावले. तेव्हा वासिली यांनी निकोलाय यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि उशाखाली पिस्तूल ठेवून दोघे एकाच पलंगावर झोपू लागले. एके रात्री कुटुंबीयांना भेटण्यासाठी निकोलाय खिडकीतून निसटले आणि पकडले गेले. पुढील वर्षे कझाकस्तानात हद्दपारीत गेली. स्टॅलिन यांच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये त्यांची सुटका झाली आणि वर्षभरात ते पुन्हा स्पार्टाकच्या प्रमुखपदी आले. मधला अल्पकाळ वगळता पुढे अनेक दशके त्यांनी हे पद सांभाळले.

मेलबर्नचे सोने

त्यांच्या गैरहजेरीतही संघ खचला नव्हता. इगोर नेट्टो हा काटक मध्यरक्षक आणि निकिता सिमोन्यान हा गोल करण्यात वाकबगार आघाडीवीर यांच्या जोरावर स्पार्टाकने १९५२, १९५३, १९५६ आणि १९५८ मध्ये विजेतेपद मिळविले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले, त्या अंतिम सामन्यातील अकरापैकी आठ जण स्पार्टाकचे होते. युगोस्लाव्हियाविरुद्धचा एकमेव गोल केला स्पार्टाकच्याच अनातोली इल्यिन याने. भारतीय वाचकांना हा सामना जवळचा वाटावा असे एक कारण आहे. उपांत्य फेरीत याच युगोस्लाव्हियाने भारताला ४-१ असे रोखले होते आणि भारताचा तो एक गोल मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझा यांचा होता.

पदके फक्त अंतिम सामन्यात खेळलेल्यांनाच मिळाली. त्यामुळे आधीचे सामने गाजविणारा टॉर्पेडोचा तरुण एदुआर्द स्ट्रेल्त्सोव रिकाम्या हातांनी परतला. त्याच्या जागी खेळलेल्या सिमोन्यान यांनी स्वतःचे पदक त्याला देऊ केले, पण त्याने ते नाकारले.

लुझ्निकीची ती रात्र

१९७०च्या दशकात पडझड झाली. निकोलाय यांना बाजूला सारण्यात आले आणि १९७६ मध्ये स्पार्टाक चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्यातून संघाला वर काढले कॉन्स्टांतिन बेस्कोव यांनी. गंमत अशी, की बेस्कोव हे हाडाचे डायनॅमोवाले. वर्षभरात संघ परतला आणि १९७९ मध्ये विजेता ठरला. गोलरक्षक रिनात दासायेव आणि नजाकतदार फ्योदोर चेरेंकोव यांचा हा संघ आखूड, जलद पासांचा खेळ करी आणि पाहणाऱ्यास मोहिनी घाली. याच वर्षांत मॉस्कोच्या पोरांनी लाल-पांढरे मफलर विणून घेतले, घोषणा रचल्या. सोव्हिएत देशातील संघटित चाहत्यांची पहिली फळी स्पार्टाकची होती. पोलिसांना ती अर्थातच रुचत नव्हती.

२० ऑक्टोबर १९८२. यूएफा चषकात हॉलंडच्या हार्लेम संघाशी लुझ्निकी मैदानावर, म्हणजे तेव्हाच्या लेनिन स्टेडियमवर, सामना होता. कडाक्याची थंडी, बर्फ आणि जेमतेम सोळा-सतरा हजार प्रेक्षक. बहुतेकांना एकाच सज्ज्यात दाटीने बसविण्यात आले होते. स्पार्टाक १-० असा आघाडीवर होता आणि लोक घरी निघाले होते. अगदी शेवटच्या क्षणी सेर्गेई श्वेत्सोव याने दुसरा गोल केला. त्याच सुमारास बर्फाळ जिन्यावर कोणी घसरले, मागून लोंढा आला आणि अरुंद वाटेत माणसे एकमेकांखाली चिरडली गेली. अधिकृत आकडा ६६ मृतांचा. त्यांतील बहुसंख्य किशोरवयीन मुले होती. गोलचा जल्लोष ऐकून लोक मागे वळले म्हणून चेंगराचेंगरी झाली, असे त्या वेळी सांगण्यात आले. वाचलेल्या अनेकांनी पुढे हे नाकारले आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद ठेवल्याकडे बोट दाखविले. तो गोल झालाच नसता तर बरे झाले असते, असे श्वेत्सोव आयुष्यभर म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या एका सायंदैनिकात दोन ओळींची बातमी आली : सामन्यानंतर अपघात घडला, काही प्रेक्षक जखमी आहेत. बस्स. शिक्षा झाली ती मैदानाच्या व्यवस्थापकाला, सुधारगृही मजुरीची. देशातील वृत्तपत्राने या प्रकाराला वाचा फोडली ती १९८९ मध्ये, आणि स्मारक उभे राहिले १९९२ मध्ये. खेळाची बातमी लिहिणाऱ्या कोणालाही त्या दोन ओळी विसरता येऊ नयेत. स्टारोस्टिन बंधूंना निदान खटल्याचा कागद तरी मिळाला होता. या मुलांच्या आईवडिलांच्या वाट्याला मौनाखेरीज काही आले नाही. २००७ मध्ये, पंचविसाव्या स्मृतिदिनी, दोन्ही क्लबांचे जुने खेळाडू त्याच मैदानावर पुन्हा एकमेकांसमोर उतरले.

विजय आणि उतार

१९८७ आणि १९८९ मध्ये विजेतेपद मिळाले. नोव्हेंबर १९९० मध्ये मॅराडोनाच्या नापोलीला पेनल्टी शूटआऊटमध्ये गारद करून आणि १९९१च्या वसंतात माद्रिदमध्ये जाऊन रेयालला ३-१ असे हरवून स्पार्टाक युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. सोव्हिएत देश लयाला गेल्यावर रशियन साखळीत ओलेग रोमांत्सेव यांच्या कारकिर्दीत संघाची सद्दीच सुरू झाली. १९९२ ते २००१ या दहा हंगामांत नऊ विजेतीपदे! १९९५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटातील सहाच्या सहा सामने जिंकले, पण हिवाळ्यात प्रमुख खेळाडू परदेशी निघून गेले आणि उपांत्यपूर्व फेरीत नाँतने घरी पाठविले. नव्या रशियाच्या फुटबॉलची सगळी व्यथा या एका हंगामात आहे.

निकोलाय स्टारोस्टिन फेब्रुवारी १९९६ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी वारले. पैशाच्या नव्या जगाने क्लबचे दार ठोठावले होतेच. जून १९९७ मध्ये क्लबच्या महासंचालक लारिसा नेचायेवा यांची गोळ्या घालून हत्या झाली. २००० पासून मालक बदलत गेले. २००३ मध्ये रोमांत्सेव गेले. २००४ मध्ये ‘लुकऑईल’ या तेल कंपनीचे लिओनिद फेदून यांनी सूत्रे हाती घेतली. पैसा आला, चषक मात्र येईनात. सोळा वर्षांचा दुष्काळ २०१७ मध्ये मास्सिमो कारेरा या इटालियन प्रशिक्षकाच्या हाताखाली संपला.

दरम्यान एक जुनी खंत मिटली. अनेक दशके दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळणाऱ्या या क्लबला २०१४ मध्ये मॉस्कोच्या तुशिनो भागात स्वतःचे ४५ हजार आसनांचे मैदान मिळाले. २०१८च्या विश्वचषकाचे सामनेही तेथे झाले. प्रवेशापाशी ग्लॅडिएटरचा भव्य पुतळा आहे आणि आत, खेळपट्टीलगत, चौघे स्टारोस्टिन बंधू उभे आहेत. ज्या क्लबच्या मागे कोणतेही खाते नव्हते म्हणून लोकांनी त्याला आपले मानले, तो ऑगस्ट २०२२ मध्ये फेदून यांच्याकडून थेट तेल कंपनीच्याच ताब्यात गेला. जुन्या पिढीतील चाहत्यांना हे कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

त्याच वर्षी युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन क्लबांना युरोपीय स्पर्धांची दारे बंद झाली. स्पार्टाक तेव्हा युरोपा लीगमध्ये होता आणि लाइपझिगशी त्याची गाठ पडणार होती. तो सामना झालाच नाही. उरला रशियन चषक. २९ मे २०२२ रोजी लुझ्निकीवर अंतिम सामना झाला, समोर डायनॅमो होता. स्पार्टाक २-१ असा पुढे असताना भरपाई वेळेत डायनॅमोला पेनल्टी मिळाली आणि चेंडू गोलखांबावरून प्रेक्षकांत गेला.