पोट बिघडलंय म्हणता म्हणता

हे घर आणि हा मुलगा मी रचलेला आहे. क्रम मात्र टाइप 1 मधुमेहाच्या मुलांत डॉक्टरांना पुन्हा पुन्हा दिसतो तोच आहे. सिंहगड रोडवरचा फ्लॅट, गणपतीचे दिवस, मुलगा नऊ वर्षांचा.

रविवार, सकाळी 7. बेशुद्धीला 69 तास.
गादी ओली. चार-पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "रात्री तांब्याभर पाणी पितो, मग काय होणार!" असं आजी म्हणते. पण घडतंय उलटं. रक्तात साचलेली साखर मूत्रपिंडं लघवीत सोडतात, ती साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, आणि म्हणून तहान लागते. बाथरूमच्या फरशीवर मुंग्यांची रांग आहे. आई त्यावर पाणी ओतते.

सोमवार, दुपारी 1. 39 तास.
डबा चाटूनपुसून रिकामा, तरी शाळेची पँट कमरेवर राहत नाही. "उंची वाढतेय." घरात आजोबांना साखर आहे, पण ती टाइप 2. ती वर्षानुवर्षं गप्प राहते. पायाला मुंग्या, न भरणारी जखम, मानेवर काळी पडलेली जाड त्वचा, नाहीतर थेट तपासणीतला आकडा, एवढीच तिची ओळख. गरोदरपणातली साखर तर बहुधा काहीच जाणवू देत नाही, म्हणून तिथे तपासणीच हवी. टाइप 1 मात्र मुलांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत अंगावर येतो.

"इतका काटकुळा, याला कसली साखर?" हा समज निदान पुण्यात तरी टिकायला नको होता. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. कुपोषणातून आलेल्या, हडकुळ्या तरुणांत दिसणाऱ्या मधुमेहाला तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये टाइप 5 म्हणून मान्यता दिली. बारीक अंगकाठी हा निर्वाळा नव्हे.

मंगळवार, सकाळी 9. 19 तास.
उलट्या, पोटात कळा. काल आरतीनंतर मोदक जरा जास्तच झाले होते. दवाखान्यात उलटीचं औषध मिळतं. एक गोष्ट कुणी विचारत नाही: उलट्या होऊन जीभ कोरडी पडलेल्या मुलाला लघवी कमी व्हायला हवी, याला भरपूर कशी होते? जुलाबही नाहीत. इथे बोटाला एक टोचणी पुरली असती.

संध्याकाळी 6. 10 तास.
ताकद यावी म्हणून ग्लुकोज पावडरचं पाणी. इन्सुलिनच नाही, त्यामुळे साखर पेशींत शिरत नाही. उपाशी शरीर चरबी जाळतंय आणि त्यातून निघणाऱ्या कीटोनमुळे रक्त आम्लयुक्त होतंय.

रात्री 11. 5 तास.
श्वास खोल आणि भराभर. खोकला नाही, छातीत घरघर नाही. शरीर आम्ल बाहेर टाकू पाहतंय. तोंडाला अतिपिकल्या फळासारखा वास. "दमलाय, झोपू दे."

बुधवार, पहाटे 4.
हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. रुग्णालयात ग्लुकोमीटर आकडा दाखवतच नाही, नुसतं 'हाय'. सलाइन, मग बेताने इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर. उपचार सुरू झाल्यावरही मेंदूला सूज येण्याचा धोका काही तास राहतो.

हे टाळता येतं. इटलीतल्या पार्मा शहरात 1991 पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी भित्तिपत्रकं लावली गेली: अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर साखर तपासा. त्यानंतर रक्त असं आम्लयुक्त होईपर्यंत निदान न झालेल्या मुलांचं प्रमाण तिथे खूप घटलं. पुण्यातल्या प्रत्येक शाळेत पाण्याच्या नळाशेजारी असा एक कागद लावता येईल. मुख्याध्यापकांनी तो याच आठवड्यात लावावा. आणि पालकहो, अशी तहान, अशी लघवी दिसली तर त्याच दिवशी साखर तपासा. 200 किंवा जास्त आली तर सकाळच्या उपाशीपोटी रिपोर्टची वाट पाहू नका. मुलाला घेऊन तसेच रुग्णालय गाठा.