मरुभूमीची शिदोरी

नागपूर आणि थरचे वाळवंट यांचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आम्ही दोन नावे घेऊ. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि आप्पासाहेब भोसले. एक नागपूर दरबारातला इंग्रज रेसिडेंट, दुसरा त्याच दरबारचा राजा. साधारण वीस वर्षांच्या अंतराने दोघेही मरुभूमीत गेले. एकाच्या सामानाचा हिशेब छापील पुस्तकात वाचायला मिळतो. दुसरा ज्या प्रवासाने अखेर तिथे पोचला, त्याच्या आरंभी त्याच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे होते.

एल्फिन्स्टन नागपुरात आला तो 1804 साली, वयाच्या पंचविशीत. आडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी डिसेंबर 1803 मध्ये देवगावचा तह केला होता आणि त्या तहामागोमाग ही नेमणूक झाली. नागपुरातली त्याची वर्षे तुलनेने निवांत गेली. ग्रीक ग्रंथ वाचण्याचा त्याचा छंद तिथे बहरला. पुढे पंजाबच्या नद्यांविषयी लिहिताना तो त्यांना ग्रीकांनी दिलेल्या नावांनीच संबोधतो, त्यामागे हा व्यासंग आहे. 1808 मध्ये त्याला काबूलच्या शहाकडे वकील म्हणून पाठवायचे ठरले. फ्रान्स इराणमार्गे हिंदुस्थानावर चालून येईल अशी धास्ती तेव्हा कलकत्त्याला होती.

ही वकिलात 13 ऑक्टोबर 1808 रोजी दिल्लीहून निघाली आणि पंजाबची वाट टाळून शेखावाटी आणि बिकानेरच्या वाळूतून गेली. बरोबर सहाशे उंट आणि डझनभर हत्ती होते, शिवाय लष्कर आणि बुणगे. सामान बांधणे या क्रियेचा याहून थाटाचा नमुना शोधावा लागेल. तंबू, राहुट्या, दाणागोटा, शहासाठी नजराणे, सारे उंटांच्या पाठीवर. पण वाळवंटात प्रत्येक उंट हा वाहनही असतो आणि एक तहानलेले तोंडही. माणसांचे तर विचारायलाच नको.

बिकानेरकडील विहिरींविषयी एल्फिन्स्टनने जे लिहिले आहे ते आम्हाला त्याच्या राजकीय निरीक्षणांपेक्षा मोलाचे वाटते. विहिरी तीनशे फूट खोल, एक तर तीनशे पंचेचाळीस फूट. तोंड मात्र जेमतेम तीन फुटांचे. पाणी मचूळ आणि इतके थोडे की बैलांच्या एका जोडीने रात्रभर उपसा केला तर विहीर कोरडी पडावी. जी विहीर एका गावाला कशीबशी पुरते, तिच्यावर सहाशे उंटांचा तांडा येऊन उभा राहिला की काय होत असेल याची कल्पना करावी. आणि याच वाळूत, नाजूक वेलींवर, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावतील एवढी कलिंगडे! एल्फिन्स्टनला याचे फार आश्चर्य वाटले. तहानलेल्या लोकांनी त्यांवर ताव मारला. थकवा, वाईट पाणी आणि कलिंगडांचा अतिरेक यांनी ताप आणि अतिसार पसरला, आणि बिकानेरच्या मुक्कामातल्या पहिल्याच आठवड्यात तांड्यातली चाळीस माणसे दगावली.

या चाळिसांची नावे पुस्तकात नाहीत. ते नोकर-चाकर, हमाल, उंटवाले असावेत असा आमचा तर्क आहे. सामान ज्यांच्या जिवावर चालत होते ते.

बिकानेरच्या पुढचा टप्पा सर्वांत कठीण होता. तो पार पडला त्याचे श्रेय दिल्लीत केलेल्या तयारीला देता येत नाही. बहावलपूरच्या नवाब बहावल खानाने शंभर उंटांवर सतलजच्या पाण्याच्या चारशे पखाली वाळवंटात सामोऱ्या धाडल्या. खुद्द वकिलासाठी पितळी भांड्यांतून वेगळे पाणी होते आणि त्यांवर नवाबाची मोहर होती. पाण्यावर मोहर! नोव्हेंबरच्या अखेरीस वकिलात बहावलपुरास पोचली. एल्फिन्स्टन काबूल पाहू शकला नाहीच. शहा शुजाची भेट पेशावरला झाली, जून 1809 मध्ये तह झाला आणि पाठोपाठ शहाचे तख्तच गेले. हाती राहिला तो 1815 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ.

एल्फिन्स्टन बिकानेरात होता तेव्हा त्या राज्यावर जोधपूरची फौज चालून आली होती. जोधपूरचा राजा होता मानसिंह. हे नाव लक्षात ठेवावे.

आता आप्पासाहेब. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडले. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स, एल्फिन्स्टनचा नागपुरातला सहकारी आणि वारसदार, याने मार्च 1818 मध्ये आप्पासाहेबांना कैद केले. अलाहाबादेकडे नेत असताना मे महिन्यात ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले. महादेवाचे डोंगर, गोंडांचा आसरा, मग अशीरगड; एप्रिल 1819 मध्ये तो किल्लाही इंग्रजांनी घेतला, पण आप्पासाहेब त्याआधीच निघून गेले होते. पुढे पंजाब, मग मंडीचा पहाडी मुलूख आणि शेवटी, 1820च्या दशकाच्या अखेरीस, जोधपूर.

तिथे त्यांनी महामंदिराचा आश्रय घेतला. नाथपंथाचे हे देवस्थान मानसिंहाच्या गुरुघराण्याचे होते, आणि तिथे शरण आलेल्याला हात लावायचा नाही अशी मर्यादा होती. इंग्रजांनी आप्पासाहेबांची मागणी केली. मानसिंहाने 1818 सालीच इंग्रजांशी तह केलेला. नकार देणे त्याला सोपे नव्हते. तरी त्याने नकार दिला. अखेर आप्पासाहेबांची जबाबदारी त्याच्यावरच टाकून इंग्रजांनी तो विषय मिटवला.

याचे मोल कळायला मारवाड आणि मराठे यांचा पूर्वेतिहास आठवावा लागतो. चौथाईच्या वसुलीने मारवाड पिळून निघाला होता. 1755 मध्ये नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांचा खून झाला, तो याच वैरातून. त्या मुलखाने एका मराठा राजाला परत न देण्याचा हट्ट धरावा, ही गोष्ट आमच्या इतिहासलेखनात एका वाक्यात उरकली जाते. आप्पासाहेबांच्या कारस्थानांवर, परसोजींच्या खुनावर पाने भरतात, आणि ते योग्यच आहे. ते काही निष्पाप नव्हते. पण आश्रय देणाऱ्याने समोरच्याचे पुण्य मोजले नव्हते, हेही त्या पानांत यायला हवे होते.

एल्फिन्स्टनच्या वाट्याला पुढे एक प्रसंग आला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या सैन्याने पुण्याच्या संगमावरची रेसिडेन्सी जाळली. त्या आगीत त्याचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रे गेली. सहाशे उंटांचा तांडा घेऊन वाळवंट ओलांडलेला माणूस त्या दिवशी संगमावरून जवळपास अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला, विलायतेस परतला आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहू लागला. तो इतिहास 1841 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, 1840 मध्ये, आप्पासाहेब जोधपुरात वारले. मानसिंह आणखी तीन वर्षे जगला. पाहुण्याला त्याने शेवटपर्यंत इंग्रजांच्या हवाली केले नव्हते.