विद्यार्थ्याच्या हातांतील वाद्य

शाळेंत वाद्यपथक काढावयाचें ठरलें म्हणजे कोणतीं वाद्यें घ्यावीं हा पहिला प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर बहुधा दुकानदाराच्या किंमतपत्रकांत शोधलें जातें. बिगुल इतके, ढोल इतके, झांजांच्या जोड्या इतक्या, असा हिशेब होतो, पेट्या येतात, पहिल्या स्वातंत्र्यदिनीं पटांगण दुमदुमून जातें, आणि दोन पावसाळे उलटले कीं त्यांतील बरींच वाद्यें कपाटावर धूळ खात पडतात. मुलांचा उत्साह ओसरला, असें मग सांगण्यांत येतें. परंतु मराठी मुलखांत मुलांच्या हातीं वाद्यें कशीं आलीं व त्यांपैकीं कोणतीं टिकलीं, ह्याचा इतिहास पाहिला तर दोष उत्साहाचा नसून निवडीचा असावा, असें दिसून येतें.

ह्या इतिहासाचा आरंभ धाराशिव जिल्ह्यापासून करणें सोयीचें आहे. निजामी अमलांत उस्मानाबाद हें नांव मिळालेल्या आणि २०२३ सालीं आपलें जुनें नांव परत मिळविलेल्या ह्या जिल्ह्यांत तुळजापूर आहे, आणि तुळजाभवानीच्या उपासनेशीं गोंधळ्यांची परंपरा जोडलेली आहे. गोंधळ्याचें घर ही एका अर्थानें वाद्यांची शाळाच होय. तेथें तीन वाद्यें मुख्य: संबळ, तुणतुणें आणि झांज. संबळ म्हणजे शेजारीं शेजारीं बांधलेलीं दोन चर्मवाद्यें. एकाचा नाद खालचा, दुसऱ्याचा उंच. तीं कमरेशीं बांधून दोन काठ्यांनीं वाजवितात, व त्यांपैकीं एका काठीचें टोंक वळविलेलें असतें. तुणतुणें त्याहून पुष्कळच साधें: लांकडाचें एक पोकळ नळकांडें, बुडाशीं ताणलेलें कातडें, बाजूस बसविलेली काठी, काठीच्या माथ्यावर खुंटी, आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत गेलेली एकच तार. तीवर बोटें फिरवावयाचीं नसतात. सूर एकच, पण त्याच्या छेडण्यांत लय सांभाळावी लागते. नवशिक्यास सुराचा व तालाचा संस्कार एकाच वेळीं देणारें ह्याहून सोपें साधन शोधूनही सांपडणार नाहीं.

परंतु ह्या वाद्यांचें खरें बळ त्यांच्या साधेपणापेक्षां त्यांच्या दुरुस्तींत आहे. लांकडाचें काम सुतार करतो, धातूचें भांडें तांबट ठोकतो, तार बाजारांत मिळते. उरलें कातडें. त्या बाबतींत तर हा जिल्हा भाग्यवानच म्हणावयाचा. काळ्या रंगाची जी शेळी देशभर उस्मानाबादी म्हणून ओळखली जाते, ती मांसाप्रमाणेंच कातड्यासाठींही नांवाजलेली आहे. आणि बकऱ्याचें पातळ व चिवट कातडें हेंच आपल्या अनेक चर्मवाद्यांचें तोंड. वाद्य फुटलें म्हणून गोंधळ थांबला, असें होण्याचें कारणच नव्हतें. मोडलेली वस्तु सांधणारा माणूस हांकेच्या अंतरावर होता.

गोव्याचें उदाहरण ह्याच्या अगदीं उलट वाटेल. तेथें वाद्यें परदेशीं होतीं. पोर्तुगीज अमलांत, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर पाश्चात्य संगीत शिकविण्यांत येऊं लागलें. आधीं स्वरलिपि वाचून गावयाची आणि मग व्हायोलिन हातीं धरावयाचें, असा तेथील शिस्तीचा क्रम. त्या शाळांचा गुरु ‘मेस्त्री’ म्हणून ओळखला जाई. ह्याच शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक पुढें ब्रिटिश हिंदुस्थानांतील लष्करी व पोलीस बँडांत शिरले, आणि विसाव्या शतकांत मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्यांनींच उभे केले. वाद्य परकें असूनही रुजलें, कारण तें शिकविणारा, जुळविणारा, तार तुटली तर नवी चढविणारा माणूस गांवांतलाच होता. तेव्हां देशी वाद्य टिकतें व विलायती टिकत नाहीं, हा सिद्धान्त कांहीं खरा नव्हे.

हें मर्म ज्यांनीं नेमकें ओळखलें त्यांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. कुरुंदवाड येथें १८७२ सालीं जन्मलेल्या व मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकलेल्या ह्या गायकानें ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. संस्थानिकाच्या आश्रयावांचून चालणारी ही शाळा होती. विद्यार्थी घरोघरचे; त्यांना पुस्तकें हवींत, वाद्यें हवींत. पंडितजींनीं छापखाना घातला, क्रमिक पुस्तकें तयार केलीं, आणि वाद्यें तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखानाही काढला. संगीताच्या शिक्षणांत सुताराच्या रंध्याचीही गरज असते, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. ते स्वतः मिरजेच्या परिसरांत वाढले होते, हेंही येथें विसरतां येत नाहीं.

कारण मिरजेनें हाच धडा पूर्वीं गिरविला होता. तेथील शिकलगार हत्यारें घडविणारे व पाजविणारे. एकोणिसाव्या शतकांत तलवारींचें गिऱ्हाईक संपत चाललें तेव्हां त्यांपैकीं फरीदसाहेबांनीं आपलें कसब तंबोरा व सतार ह्यांकडे वळविलें. त्यासाठीं लागणारे मोठे भोपळे धाराशिवला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात. हत्यारांचा हात, शेजारचें पीक आणि गवयांचें गांव, ह्या तिहींच्या योगानें एक धंदा उभा राहिला, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

बाजाच्या पेटीची कथा ह्याहून बोधप्रद आहे. फ्रान्समध्यें १८४० च्या सुमारास जन्मलेलें हें वाद्य पायांनीं भाता हालवून वाजविण्याचें होतें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनीं त्यास हातभात्याचें रूप दिलें, आणि भुईवर बसून गाणाऱ्या समाजास तें सोयीचें झालें. पेटीचे स्वर बांधलेले. तींतून मींड निघत नाहीं, श्रुति साधत नाहींत. ह्याच आक्षेपावरून १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनें तिच्यावर बंदी घातली, व ती १९७१ पर्यंत राहिली. तरीही शाळेच्या वर्गांतून आणि भजनी मंडळांतून पेटी हालली नाहीं. तिच्या पितळी पट्ट्या सौराष्ट्रांत पालिताण्यास तयार होऊं लागल्या होत्या. भाता फाटला तर तो चिकटविणारा, पट्टी बेसूर झाली तर ती कानसेनें घांसून सुरांत आणणारा कारागीर बाजारपेठेच्या गांवीं भेटत होता. विद्वानांच्या निषेधाहून कारागिराचें सान्निध्य बलवत्तर ठरलें.

आतां शाळेच्या वाद्यपथकाकडे वळूं. बिगुल, तुतारी, बाजूस अडकविण्याचा ढोल, हा सारा सरंजाम लष्करांतून आलेला. मीरत ह्या छावणीच्या शहरीं जाली कोठी भागांत नादिर अली ह्यांनीं १८८५ सालीं स्थापिलेली पेढी पितळी वाद्यांसाठीं प्रसिद्ध झाली, आणि देशांतील लग्नाच्या वरातींपासून शाळांच्या कवाइतींपर्यंत मीरतचें पितळ पोंचलें. हीं वाद्यें मोकळ्या मैदानासाठीं घडविलेलीं आहेत. बंदिस्त वर्गांत तीं कानठळ्या बसवितात. बिगुलास दट्टे नसतात. ओठांच्या ताणानें निघणाऱ्या मोजक्या स्वरांवरच त्याचा संसार चालतो. पुढचे पक्के दांत पुरते आल्यावांचून, म्हणजे आठनऊ वर्षांच्या आधीं, तो मुलाच्या तोंडीं देऊं नये. आणि फुंकावयाचें तोंड प्रत्येक मुलास स्वतंत्र असावें, हा आरोग्याचा साधा नियम आहे. ढोलाचें वजन मुलाच्या खांद्यास पेलेल एवढेंच हवें. पट्टा रुंद असावा, म्हणजे तो रुततही नाहीं. कातड्याचें तोंड पावसाळ्यांत सैल पडतें व शेकावें लागतें. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत निघालेलें प्लॅस्टिकचें तोंड दमट हवेस दाद देत नाहीं. पण तें फाटलें कीं नेमक्या मापाचें दुसरें शहरांतून येईपर्यंत ढोल मुका राहतो. कोणतें चांगलें, ह्याचें उत्तर त्या शाळेपासून बाजार किती लांब आहे, ह्यावर अवलंबून आहे.

ह्या ठिकाणीं एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळतां येणार नाहीं. मराठवाड्याच्या खेड्यांत चर्मवाद्याचें सर्वांत जवळचें ज्ञान हलगी वाजविणाऱ्या मातंग समाजाच्या घरीं होतें. कड्यावर कातडें कसें ताणावें, तें विस्तवावर किती शेकलें म्हणजे बोलूं लागतें, हें तेथील पोर खेळतां खेळतां शिके. परंतु कातडें हाताळणारा हात अपवित्र मानून गांवानें त्यास वेशीबाहेर ठेविलें, आणि त्याबरोबर तें ज्ञानही बाहेर राहिलें. हलगी शाळेच्या पटांगणांत आली ती बहुतांशीं लेझमीचा ताल धरण्यासाठीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनीं देशी व्यायामास प्रतिष्ठा दिली. मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें त्याचीं प्रात्यक्षिकेंही केलीं. लेझीम शाळेंत मानानें आली. हलगीवाल्यास मात्र तालापुरतें बोलावणें आणि ताल संपल्यावर विसरणें, ही रीत पुष्कळ ठिकाणीं चालूच राहिली. शिक्षक म्हणून त्याची खुर्ची कोणी मांडली नाहीं. मीरतचें पितळ शेंकडों कोसांवरून आणणाऱ्यांस गांवच्या टोंकाचें घर दूर वाटलें, हें ह्या इतिहासांतील सर्वांत महाग पडलेलें अंतर होय.

तात्पर्य, गोंधळ्याचें तुणतुणें, गोव्याचें व्हायोलिन, मिरजेचा तंबोरा आणि बाजाची पेटी ह्यांत कुळाचें वा देशाचें साम्य नाहीं. साम्य आहे तें एवढेंच कीं, त्यांच्या विद्यार्थ्याजवळ तीं सांधणारें माणूस होतें. धाराशिवच्या एखाद्या शाळेनें उद्यां वाद्यपथक काढलें, तर तिनें बिगुल अवश्य घ्यावेत, ढोलही घ्यावेत. पण जोडीस हलगी, संबळ व तुणतुणें ठेवावें, आणि तीं वाजविणाऱ्या व मढविणाऱ्या माणसास ठरलेलें मानधन देऊन आठवड्यांतून एक तास मुलांपुढें सन्मानानें बसवावें. कातडें कसें ताणतात हें ज्या मुलानें एकदां आपल्या हातानें अनुभविलें, तो तें वाद्य सहसा कपाटावर टाकणार नाहीं. खरेदीची यादी करावयाची झाल्यास तिच्या पहिल्या ओळींत वाद्याच्या आधीं तें दुरुस्त करणाऱ्याचें नांव लिहावें.