बांडुंगनंतर काय? एका औषधाच्या किमतीची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण १९५५च्या बांडुंग परिषदेपाशी थांबलो होतो. भाषणं मोठी झाली, पण सामान्य माणसाच्या हाती त्यातून काय पडलं, हा प्रश्न तेव्हा राहून गेला. आज आपण तो एका औषधाच्या किमतीवरून तपासू.

१९९६ पासून एड्सवर तीन औषधांचा एकत्रित उपचार मिळू लागला. रोगी जगू लागले. पण कुठले? वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पुढे होता. सर्वाधिक रोगी आफ्रिकेत होते, आणि तिथे हा आकडा ऐकूनच माणूस घरी परतायचा.

आता तीन देश पाहू. ब्राझीलने १९९६ मध्ये कायदा करून ही औषधं रोग्यांना मोफत द्यायचं ठरवलं आणि काही औषधं सरकारी कारखान्यांत बनवली. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधं आयात करण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला. तिसरा आपला देश. १९७० च्या पेटंट कायद्याने आपण औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारलं होतं, फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर दिलं होतं. म्हणजे तेच औषध वेगळ्या रीतीने बनवायला मुभा होती. त्यातूनच आपला औषधउद्योग उभा राहिला.

मग दबाव आला. औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला प्रिटोरियाच्या न्यायालयात खेचलं. अमेरिकेने ब्राझीलविरुद्धची तक्रार जागतिक व्यापार संघटनेत पुढे रेटली. आणि बघा, नेमक्या याच वेळी, फेब्रुवारी २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी हाच उपचार एका स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. दिवसाला एक डॉलरही नाही! औषध बनवायला इतका खर्च येतच नाही, हे एका फटक्यात उघड झालं.

एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी प्रिटोरियातला खटला मागे घेतला, जूनमध्ये अमेरिकेने तक्रार. यात दक्षिण आफ्रिकेतल्या रोग्यांच्या चळवळीचा वाटा मोठा होता, तो विसरून चालणार नाही. त्या वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेत अँथ्रॅक्सची भीती पसरली, तेव्हा खुद्द अमेरिकेनेच पेटंट बाजूला सारण्याची धमकी देऊन औषधाची किंमत उतरवून घेतली. आता दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवणार?

१४ नोव्हेंबर २००१ रोजी दोहा इथे आफ्रिकी गट, ब्राझील, भारत आणि इतर विकसनशील देशांच्या आग्रहामुळे जाहीरनामा मंजूर झाला. पेटंटचा करार सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाआड येऊ नये, आणि पेटंट असूनही औषध बनवायची सक्तीची परवानगी देण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. पुढे जून २००३ मध्ये भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी ब्रासिलियात एकत्र येऊन 'इब्सा' हा मंच उभारला.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. खटला जिंकूनही दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या सरकारने सरकारी दवाखान्यांत सर्वांसाठी उपचार सुरू करण्याचं धोरण २००३ च्या अखेरीपर्यंत लांबवलं. त्या विलंबाची किंमत जिवांनी मोजली. भारताने २००५ मध्ये पदार्थावरचं पेटंट स्वीकारलं. २ ऑक्टोबर २०२० रोजी कोविडच्या लशी आणि औषधांवरचे पेटंट हक्क तात्पुरते स्थगित करा, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मांडला, तेव्हा ब्राझील सोबत नव्हता. जून २०२२ मध्ये निर्णय झाला तो फक्त लशींपुरता, आणि तोही बराच पातळ.

मग आपण यातून काय घ्यायचं? २००१ मध्ये हे देश जिंकले ते मैत्रीच्या भाषणांमुळे नाही. एकाकडे कायदा होता, दुसऱ्याकडे मोफत उपचाराचा चालू अनुभव, तिसऱ्याकडे कारखाना. प्रत्येकाचा स्वार्थही होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हितसंबंध जुळले तेवढ्यापुरतीच ती एकी टिकली. सरकार बदललं, बाजार बदलला की ती पुन्हा जुळवावी लागते. बांडुंगमध्ये न मिळालेलं उत्तर कदाचित हेच असेल: एकी जाहीर केली म्हणून होत नाही, प्रत्येक वेळी काहीतरी हातात घेऊन यावं लागतं.