तोंडीलावण्यातला बटाटा आणि झणझणीत मुळी

उकडून कुस्करलेल्या बटाट्यात दूध, लोणी आणि हॉर्सरॅडिश या मुळीचा कीस मिसळून केलेले तोंडीलावणे आज युरोप-अमेरिकेतील मांसाहारी ताटात इतके सर्रास आढळते की, ते फार जुने असावे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यातील दोन्ही घटक युरोपीय स्वयंपाकघरात अगदी निराळ्या वाटांनी आले. मुळी खेडुतांच्या परसातून हळूहळू शहरी मेजवान्यांपर्यंत चढली, तर बटाटा वनस्पतिशास्त्रज्ञांच्या बागांतून राजाज्ञा आणि दुष्काळ यांच्या रेट्याने शेतकऱ्याच्या ताटापर्यंत उतरला. या दोहोंची गाठ मध्य युरोपात, उकडलेल्या गोमांसाच्या ताटात पडली आणि तीही बटाट्याने शिळ्या पावाची जागा घेतल्यानंतर, असे मानण्यास बरीच जागा आहे.

हॉर्सरॅडिश ही मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती असून तिचे मूळ वसतिस्थान आग्नेय युरोप आणि त्याला लागून असलेला पश्चिम आशियाचा भाग मानले जाते. तिची जाड, पिवळसर-पांढरी मुळी अखंड असताना तिला जवळजवळ वास नसतो. ती किसली म्हणजे पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या ठिकाणी असलेले सिनिग्रिन हे गंधकयुक्त द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, एकत्र येतात आणि त्यांतून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट नावाचे उडून जाणारे तेल तयार होते. मोहरी फेसताना महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात जी झणझण नाकात चढते, ती याच तेलाची असते; त्यामुळे मोहरी फेसून केलेले बटाट्याचे भरीत ज्याने खाल्ले आहे, त्याला हे परदेशी तोंडीलावणे वाटते तितके परके नाही. मिरचीचा तिखटपणा जिभेवर रेंगाळतो, तर हा झणका नाकात शिरतो आणि क्षणात ओसरतो. उष्णतेने तो नाहीसा होतो, कारण तेल उडून जाते आणि विकरही निकामी होते. व्हिनेगरने मात्र विकराची क्रिया थांबते आणि त्या क्षणापर्यंत जेवढा झणका तयार झालेला असेल तेवढा टिकून राहतो. म्हणून सौम्य चव हवी असल्यास व्हिनेगर किसल्याबरोबर घालतात आणि जहाल हवी असल्यास काही मिनिटे थांबून. या पदार्थाच्या इतिहासातील पुष्कळशा गोष्टी, म्हणजे मुळी विस्तवावरून भांडे उतरवल्यावरच का मिसळतात आणि बाटलीबंद मुळीचा व्यापार व्हिनेगरच्या आधारानेच का उभा राहिला, या एवढ्या रसायनशास्त्राने उलगडतात.

या मुळीच्या प्राचीनत्वाविषयी, विशेषतः डेल्फीच्या दैवी कौलात तिचे मोल सोन्याइतके ठरवले गेले अशा अर्थाच्या, अनेक कथा आजही पाककृतींच्या पुस्तकांत छापल्या जातात. परंतु प्राचीन ग्रंथांतील मुळ्याच्या जातींची नावे इतकी संदिग्ध आहेत की त्यांवर असे इमले उभारणे धाडसाचे होईल. त्यापेक्षा भक्कम पुरावा भाषेचा आहे: ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीत या मुळीला ‘क्रेन’ म्हणतात आणि हा शब्द स्लाव्ह भाषांतून आलेला आहे, तेव्हा मुळी खाण्याची चालही पूर्वेकडील स्लाव्ह शेतकऱ्यांकडून जर्मनभाषकांकडे आली असावी. इंग्लंडमध्ये ती आणखी उशिरा पोचली. जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिकोशात, ही मुळी कुटून थोड्या व्हिनेगरसह मासे व मांस यांबरोबर खाण्याची रीत जर्मन लोकांत रूढ आहे आणि ते तिचा उपयोग इंग्रज मोहरीचा करतात तसा करतात, अशी नोंद आहे. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी, १६४० मध्ये, जॉन पार्किन्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ हे चाटण खेडुतांना आणि अंगमेहनत करणाऱ्या दणकट माणसांना मानवणारे, नाजूक पोटाला न झेपणारे आहे, असे लिहितो. पुढे भाजलेल्या गोमांसाशी जोडली जाऊन इंग्रजी खानदानी जेवणाची खूण बनलेली ही चव त्या काळी कष्टकऱ्यांची समजली जात होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जेरार्डच्या त्याच कोशात बटाट्याचे चित्रही आहे, आणि छापील ग्रंथात आलेले ते बटाट्याचे पहिले चित्र मानले जाते. बटाटा व्हर्जिनियातून आला अशी त्याची चुकीची समजूत होती. प्रत्यक्षात दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षे लागवडीखाली असलेले हे कंद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमार्गे युरोपात आले होते. ते निखाऱ्यात भाजून किंवा उकडून तेल, व्हिनेगर आणि मिरपूड लावून खावेत असे तो सांगतो. म्हणजे आज एका ताटात असणारे हे दोन्ही पदार्थ एका पुस्तकात शेजारी येऊनही एकमेकांना भेटलेले नव्हते. व्हिएन्नाची गोष्टही अशीच आहे. तेथे राहणारा प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल क्लुसियस याच्या हाती १५८८ मध्ये बटाट्याचे दोन कंद आले आणि १६०१ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने या वनस्पतीचे वर्णन केले. परंतु बागेतील हे नवल पातेल्यात पडायला त्या प्रदेशात सुमारे पावणेदोनशे वर्षे जावी लागली. बायबलमध्ये उल्लेख नसलेला, जमिनीखाली वाढणारा आणि विषारी धोत्र्याच्या कुळातला हा कंद शेतकऱ्याला संशयास्पद वाटत होता. काही ठिकाणी तो लवकर रुळला, जसे फ्रँकोनियाच्या ईशान्य टोकाला असलेल्या पिलग्राम्सरॉइट या गावात १६४७ च्या सुमारास त्याची शेतात लागवड सुरू झाली. लोअर ऑस्ट्रियातील प्रिन्त्सेनडोर्फ येथे १७६१ मध्ये योहान युंगब्लूट या धर्मगुरूने आपल्या शेतकऱ्यांना बटाटा लावायला शिकवले. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ मध्ये काढलेला लागवडीचा हुकूम सर्वांत प्रसिद्ध आहे, तथापि मध्य युरोपाचे मन वळवले ते हुकुमांपेक्षा १७७० ते १७७२ या वर्षांतील दुष्काळाने, ज्यात धान्य बुडाले आणि बटाटा तगला.

कुस्करलेला बटाटा हा पदार्थ म्हणून इंग्रजी पुस्तकांत तोवर स्थिरावला होता. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकपुस्तकात दोन पौंड बटाट्यांना एक पाइंट दूध, थोडे मीठ आणि पाव पौंड लोणी असे प्रमाण दिले असून मिश्रण भांड्याच्या तळाला लागू न देण्याचा इशाराही आहे. आजच्या कृतीत यापेक्षा फारसे वेगळे काही नसते. यातील कौशल्य कुस्करण्याच्या हाताचे आहे: पिठूळ जातीचा बटाटा गरम असतानाच चाळणीतून किंवा दाबयंत्रातून काढला तर त्याच्या पेशी सुट्या होऊन मऊ, हलका गोळा तयार होतो, तोच फार घोटला तर पेशी फुटून आतील स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात खळ उरते.

मुळी आणि बटाटा यांची खरी गाठ पडली ती व्हिएन्नात आणि तिच्या प्रभावाखालील प्रदेशांत. तेथील मध्यमवर्गीय स्वयंपाकाचा आधार गोमांसाचे सूप हा होता. मांसाचा तुकडा कंदमुळांसह तासन्‌तास मंद आचेवर शिजवून सूप आधी वाढायचे आणि ते मांस मुख्य पदार्थ म्हणून नंतर, अशी पद्धत होती. सूपाला चव दिल्यामुळे मांस स्वतः काहीसे फिके होई, म्हणून त्याला झणझणीत जोड लागे आणि ती क्रेनची असे. यातून तोंडीलावण्यांचे एक छोटे घराणेच तयार झाले: सफरचंदाच्या किसात मुळी मिसळलेले ‘आपफेलक्रेन’, आणि शिळे छोटे पाव गरम सूपात भिजवून, घोटून, त्यात मुळी घातलेले ‘सेमलक्रेन’. यापैकी दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण शिळ्या पावाने रस्सा दाट करणे ही मध्ययुगीन युरोपीय पद्धत त्यात जिवंत राहिली आहे. याच कृतीत पावाऐवजी उकडून दाबलेला बटाटा घातला म्हणजे ‘एर्डआपफेलक्रेन’ होते. ऑस्ट्रियात बटाट्याला एर्डआपफेल, म्हणजे जमिनीतले सफरचंद, म्हणतात. सूप तेच, मुळी तीच आणि ती अखेरीस, भांडे उतरवल्यावर मिसळण्याची रीतही तीच. बदलला तो फक्त दाटपणा आणणारा पिठूळ घटक. इंग्रजी दूध-लोण्याच्या बटाट्यात मुळी टाकून हा पदार्थ उपजला अशी जी कल्पना इंग्रजी पुस्तके वाचून होते, तिच्यापेक्षा ही अदलाबदल अधिक पटण्यासारखी आहे, कारण तीत प्रत्येक टप्प्याचे जुने भावंड अजूनही जेवणात हजर आहे.

उकडलेल्या गोमांसाचे व्हिएन्नातील वेड किती टोकाला गेले होते हे ‘माइस्ल उंट शाड्न’ या हॉटेलवरून कळते. जनावराच्या निरनिराळ्या भागांचे चोवीस प्रकारचे उकडलेले मांस मिळण्याबद्दल त्याची ख्याती होती आणि कोणता भाग मागवावा हे न कळणारा माणूस तेथे अडाणी ठरत असे. ऑस्ट्रियाचा पंतप्रधान काउंट श्ट्यूर्क याची ऑक्टोबर १९१६ मध्ये फ्रीडरिख आडलर याने गोळ्या घालून हत्या केली, ती याच हॉटेलच्या भोजनगृहात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ती इमारत नष्ट झाली.

ही मुळी पिकवणारा प्रदेश म्हणून फ्रँकोनियातील बायर्सडोर्फ आणि आसपासची खोरी ओळखली जातात. पंधराव्या शतकात योहान ‘किमयागार’ या सरदाराने ती तेथे आणली असे परंपरा सांगते. लागवडीचे काम कष्टाचे आणि बरेचसे हाताचे आहे. या वनस्पतीला उगवणारे बी सहसा धरत नाही, म्हणून आदल्या हंगामातील पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उपमुळ्या राखून त्या वसंतात जमिनीत तिरप्या लावतात. उन्हाळ्यात शेतकरी प्रत्येक रोपाच्या शेंड्याकडची माती हाताने बाजूला करतो, मुळी थोडी उचलतो, तिला फुटलेल्या बारीक उपमुळ्या जाड्याभरड्या फडक्याने घासून काढतो आणि ती पुन्हा मातीआड करतो. हे केले नाही तर शरदाच्या अखेरीस सरळ, जाड मुळीऐवजी फाट्याफाट्यांचा गुंता हाती येतो. पूर्वी हा माल पाठीवरच्या टोपल्यांतून दारोदार विकणाऱ्या स्त्रिया दूरवरच्या शहरांत जात.

जर्मन स्थलांतरितांनी मुळी अमेरिकेत नेली आणि तेथे तिला बाटली मिळाली. ऱ्हाइन नदीजवळच्या पॅलाटिनेट प्रदेशातून आलेल्या कुटुंबातील हेन्री जॉन हाइन्झ याने १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील शार्प्सबर्ग येथे जो व्यवसाय सुरू केला, त्याचा पहिला माल व्हिनेगरमधील किसलेली हॉर्सरॅडिश हा होता. डोळ्यांतून पाणी काढणारे किसण्याचे काम गृहिणींना नकोसे होते, तर बाजारातला माल रंगीत बाटल्यांत भरलेला आणि सलगमाची भेसळ असलेला असे. हाइन्झने स्वच्छ पारदर्शक काच वापरून आतली मुळी गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू दिली. १८७५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा राहिला तो टोमॅटो केचपच्या बळावर, त्यामुळे मुळीची कामगिरी लोकांच्या स्मरणातून गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिलच्या परिसरात, मिसिसिपीच्या गाळाच्या जमिनीत, जर्मन शेतकऱ्यांनी तिची लागवड रुजवली आणि आजही अमेरिकेतील उत्पादनाचा मोठा वाटा तेथूनच येतो. अमेरिकन स्टेकहाउसांतील कुस्करलेला बटाटा या बाटलीवर पोसलेला आहे: व्हिनेगर निथळून घेतलेला कीस दूध-साय-लोण्याच्या गोळ्यात जातो, सूपाचा मागमूस राहत नाही आणि व्हिएन्नातल्या फिक्या मांसाऐवजी शेजारी विस्तवावर भाजलेला जाड तुकडा असतो. चव जवळची असली तरी ताटाची रचना पार बदललेली आहे.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना बटाट्याची अडचण नव्हती. पोर्तुगीजांमुळे हा कंद पश्चिम किनाऱ्याला परिचित होता आणि महाबळेश्वरच्या थंड हवेत तो चांगला वाढे. तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्याच्या नोंदी आहेत. अडचण होती ती मुळीची, कारण तिला कडाक्याचा हिवाळा लागतो. तिची उणीव त्यांनी शेवग्याने भागवली. शेवग्याची मुळी किसली असता हॉर्सरॅडिशसारखीच झणझणते, आणि इंग्रजीत या झाडाचे एक नाव हॉर्सरॅडिशवरून पडले ते यामुळेच, असे यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या शब्दकोशात नमूद आहे. हे साम्य योगायोगाचे नाही, कारण आधुनिक वर्गीकरणात शेवगा आणि मोहरी एकाच गणात मोडतात आणि गंधकयुक्त द्रव्य अधिक विकर ही यंत्रणा दोघांतही आहे. महाराष्ट्रातील स्वयंपाकात शेवग्याची शेंग आमटीत, पाला व फुले भाजीत पडतात, मुळी मात्र वैद्याकडे राहिली आणि तेही योग्यच होते. तिच्या सालीत अपायकारक अल्कलॉइडे असल्याने, दोनएक फूट वाढलेले कोवळे रोप उपटून त्याची मऊ मुळी साल पूर्ण काढून किसावी लागते, आणि व्हिनेगरमध्ये कालवून अगदी थोडीच वाढावी लागते.